मूळ दाखला कोणाकडे आहे? काळाचौकीतल्या एका नर्सिंग प्रवेशाचं प्रकरण

मी एका सार्वजनिक रुग्णालयाच्या नर्सिंग स्कूलमध्ये ट्युटर होते. निवृत्त झाल्यापासून मुंबईत काळाचौकीतल्या एका अभ्यासिकेत आठवड्यातून दोन संध्याकाळी बसते. बारावीनंतर नर्सिंगचा विचार करणारी मुलं-मुली आणि त्यांचे आईवडील तिथे येतात. हे प्रकरण त्यांतल्या एका मुलीचं. तिची आणि तिच्या आईची परवानगी घेऊन लिहिते आहे. नाव आणि ओळख पटेल असे काही तपशील बदललेत, संस्थांची नावं दिलेली नाहीत. मुलीला इथे सायली म्हणू.

पार्श्वभूमी

चाळीतली एक खोली आणि वर पोटमाळा, एवढं घर. आजोबा गिरणीत होते. १९८२च्या संपानंतर ते पुन्हा मशीनवर उभे राहिले नाहीत. वडील लोअर परळच्या एका टॉवरमध्ये सिक्युरिटीला, बारा तासांची पाळी. आई लालबागच्या पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटते, पहाटे पाचपासून अकरापर्यंत. धाकटा भाऊ तेव्हा नववीत होता.

सायली दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली, मग सायन्स घेतलं. बारावीला पीसीबीत, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजीत ५८ टक्के. डॉक्टर व्हायचं म्हणून नीट दोनदा दिली. क्लासच्या फीसाठी आईच्या बांगड्या पतपेढीत गेल्या. दुसऱ्या निकालानंतर घरात त्या विषयावर कोणी बोलेना.

नर्सिंग घरात आलं ते आजीच्या आजारपणातून. आजीला पॅरालिसिसचा झटका आला, अकरा दिवस ती वॉर्डात होती आणि रात्री सोबतीला सायली राहायची. तिथल्या एका सिस्टरने तिला आजीची कूस कशी बदलायची ते दाखवलं. चादर अर्धी गुंडाळून अंगाखाली सरकवायची, दोघींनी दोन बाजूंनी धरायची, आणि ओढायचं नाही, उचलायचं. ओढलं की म्हाताऱ्या माणसाची कातडी सोलवटते. "मला ते चादरीचं काम आवडलं," सायली पहिल्या भेटीत मला म्हणाली. प्रवेशाच्या मुलाखतीत 'सेवा करायची आहे' हे उत्तर मी आयुष्यभर ऐकलं. चादरीचं उत्तर मला त्या दिवशी पहिल्यांदा मिळालं.

घरच्यांच्या दोन शंका होत्या आणि दोन्ही खऱ्या होत्या.

वडिलांना रात्रपाळीची धास्ती. परळ-लालबागमध्ये अरुणा शानबागची गोष्ट कोणाला सांगावी लागत नाही. ती केईएम रुग्णालयात नर्स होती, १९७३मध्ये तिथेच तिच्यावर हल्ला झाला आणि ती पुन्हा शुद्धीवर अशी आलीच नाही. मी त्यांना एवढंच म्हटलं, की त्याच केईएमच्या सिस्टर्सनी २०१५मध्ये ती जाईपर्यंत, म्हणजे जवळपास ४२ वर्षं, तिला घरच्या माणसासारखं सांभाळलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी नेमकं विचारायला हवं तेच विचारलं: "हॉस्टेल आवारातच आहे का बाहेर?"

आईची शंका वेगळी होती. "डिग्री पाहिजे, सिस्टर. जीएनएम म्हणजे डिप्लोमा. उद्या बायोडेटात काय लिहायचं?"

इथे अभ्यासक्रमांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढची सगळी ओढाताण ह्याच शब्दांवरून झाली. एएनएम दोन वर्षांचा, मुख्यतः गावपातळीवरच्या आणि माता-बाल आरोग्याच्या कामासाठी. जीएनएम तीन वर्षांचा डिप्लोमा. त्याला बारावी कुठल्याही शाखेची चालते, इंग्रजी हवं, किमान ४० टक्के. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांची पदवी. तिला बारावी सायन्स, पीसीबी आणि इंग्रजी, खुल्या गटाला किमान ४५ टक्के. आपल्याकडे ही पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते. जीएनएम आणि बी.एस्सी. दोन्ही झालेल्यांची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी एकाच नावाने होते: नोंदणीकृत परिचारिका आणि प्रसाविका. वॉर्डात दोघींच्या हातात तीच सिरिंज असते. फरक पुढे पडतो. शिकवायचं असेल, एम.एस्सी. करायचं असेल, तर पदवी लागते. पण जीएनएम झालेल्या मुलीला दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून नर्सिंगची पदवी मिळते.

ही शेवटची ओळ मी आईला पहिल्याच भेटीत सांगितली नाही. त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

अडचण

सायलीच्या मामाच्या ओळखीने दादर स्टेशनजवळचा एक प्रवेश एजंट भेटला. बंगळुरूला बी.एस्सी. नर्सिंग, हॉस्टेलसह, 'शंभर टक्के प्लेसमेंट'. फी वर्षाला लाखाच्या वर, त्यासाठी कर्जाची सोय तोच करून देणार. जागा 'ब्लॉक' करायची म्हणून त्याने २५,००० रुपये टोकन घेतलं आणि सोबत बारावीची मूळ गुणपत्रिका आणि ज्युनिअर कॉलेज सोडल्याचा मूळ दाखला. साध्या कागदावर पावती दिली. त्यावर 'बी.एस्सी. नर्सिंग, बंगळुरू' एवढंच होतं, कॉलेजचं नाव नव्हतं. हे सगळं आईने केलं, आणि मला सांगितलं नाही. मला वाईट वाटेल असं तिला वाटलं असावं.

त्याच्या आधी, माझ्या आग्रहाखातर, सायलीने मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयाच्या नर्सिंग स्कूलचा जीएनएमचा अर्ज भरला होता. पहिल्या यादीत नाव आलं नाही, ती प्रतीक्षा यादीत राहिली. घरच्यांनी तो विषय सोडून दिला.

एका गुरुवारी दुपारी स्कूलमधून फोन आला. एक जागा रिकामी झाली होती. सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत मूळ कागदपत्रं घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्या मुलीला. सायली धावत अभ्यासिकेत आली आणि दारातच रडायला लागली. आनंदाने असेल असं मला वाटलं. मग तिने सांगितलं की मूळ कागद दादरला आहेत.

पर्याय

त्या रात्री त्यांच्या घरी आम्ही पाच जण बसलो होतो, मामाही आले होते. कोणाचंच म्हणणं मूर्खपणाचं नव्हतं.

मामांचं म्हणणं, टोकन गेलेलंच आहे, तर बंगळुरूलाच जाऊ दे. चार वर्षांत डिग्री हातात येईल. मी बंगळुरूच्या विरोधात नव्हते आणि नाही. तिथे उत्तम नर्सिंग कॉलेजं आहेत, तिथल्या मुलींबरोबर मी काम केलंय. तिथली पदवी घेऊन परत आलं तर कर्नाटकातून ना हरकत घेऊन महाराष्ट्राच्या कौन्सिलकडे नोंदणी होते. प्रश्न शहराचा नव्हताच. मी मामांना एजंटला फोन लावायला सांगितला आणि तीन गोष्टी विचारल्या. कॉलेजचं नाव काय? कॉलेजचं स्वतःचं रुग्णालय कुठलं? त्यात खाटा किती? पहिल्याचं उत्तर "दोन-तीन ऑप्शन आहेत मॅडम", दुसऱ्याचं "टाय-अप आहे". तिसऱ्याला त्याने मलाच विचारलं, "तुम्ही मुलीच्या कोण?"

खाटांचा प्रश्न मी सगळ्यांनाच विचारायला सांगते. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमांत बी.एस्सी. सुरू करणाऱ्या संस्थेकडे किमान शंभर खाटांचं रुग्णालय असावं आणि एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण असावेत, असं आहे. नर्सिंग पुतळ्यावर शिकता येतं ते पहिले काही आठवडे. त्यापुढे खरं पोट, खरी शीर, खरं बाळंतपण लागतं. खाटाच नसतील तर मुली प्रोसीजर बुकात, म्हणजे स्वतः केलेल्या कामांच्या वहीत, दुसरीचं बघून भरतात, आणि पहिल्या नोकरीत कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घालायची वेळ आली की हात थरथरतात. अशा मुली मी पाहिल्या आहेत. त्यांचा दोष नसतो.

दुसरा पर्याय म्हणजे पैशावर पाणी सोडायचं आणि कागद परत आणायचे. आईला २५,००० म्हणजे किती पोळ्या, हे तिने मला आकड्यात सांगितलं. मी तो आकडा इथे लिहीत नाही.

तिसरा शेजाऱ्याने सुचवला: पोलीस ठाण्यात 'दाखला लोकलमध्ये हरवला' अशी नोंद करायची, प्रतिज्ञापत्र करायचं, डुप्लिकेट काढायचा. "सगळे असंच करतात." सोपा होता आणि बहुधा चाललाही असता. इथे मात्र मी अडून बसले. दाखला हरवला नव्हता. उद्या एजंटाने मूळ दाखला कुठे दाखवला असता तर खोटं प्रतिज्ञापत्र मुलीच्या नावावर राहिलं असतं. आणि आम्ही पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात रेकॉर्ड कसं लिहायचं ते शिकवतो: जे केलं तेच लिहायचं, जे केलं नाही ते लिहायचं नाही, जे पाहिलं नाही ते दुसऱ्याच्या सांगण्यावरून लिहायचं नाही. ह्या मुलीची सुरुवात खोट्या नोंदीने व्हावी हे मला सहन होईना.

वडील तोपर्यंत काहीच बोलले नव्हते. त्यांनी सायलीला विचारलं, "तुला कुठे जायचंय?" ती म्हणाली, "जिथे पेशंट आहेत तिथे." निर्णय तिथे झाला.

काय केलं

शनिवारी सकाळी आई, सायली आणि मी दादरला गेलो. जाताना मी एक अर्ज लिहून नेला, दोन प्रतींत: अमुक तारखेला अमुक मूळ कागद आपल्याकडे दिले, प्रवेश घ्यायचा नसल्यामुळे ते आज परत मिळावेत. दुसऱ्या प्रतीवर पोच हवी.

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, एक टेबल, एक एसी, भिंतीवर पांढऱ्या गणवेशातल्या हसऱ्या मुलींचे फोटो. एजंट म्हणाला कागद बंगळुरूला गेले. त्याच्या मागे पोलादी कपाट अर्धं उघडं होतं आणि आत प्लॅस्टिकच्या फायली, प्रत्येकीला रबर बँड आणि वर पांढऱ्या पट्टीवर नाव. आईने ते माझ्या आधी पाहिलं. ती खुर्चीत बसली, केंद्रात फोन केला की आज माझ्याऐवजी दुसरी बाई बघा, आणि फोन पर्समध्ये टाकून म्हणाली, "कागद मिळेपर्यंत मी इथनं हलणार नाही." आवाज चढवला नाही. अर्ध्या तासात आणखी दोन पालक आले, त्यांनाही तिने आपण कशासाठी बसलोय ते शांतपणे सांगितलं. त्यांच्यासमोर एजंटाला ते नको होतं. तासाभराने कपाटातून सायलीची फाईल निघाली.

गुणपत्रिका होती. दाखला नव्हता. तो खरोखरच पुढे पाठवला होता. मी अर्जावर हाताने लिहिलं: 'गुणपत्रिका मिळाली, दाखला मिळाला नाही.' त्याने कुरकुरत सही केली. पैशांचं नाव काढलं तर म्हणाला, टोकन नॉन-रिफंडेबल असतं.

ती सही केलेली प्रतच पुढे कामाला आली. संध्याकाळी पोलीस ठाण्यात आम्ही खरा अर्ज दिला: दाखला एका एजंटाकडे दिला, मागूनही मिळाला नाही, ही त्याच्या सहीची प्रत. हवालदारांनी वाचून शिक्का मारून प्रत दिली. सोमवारी सकाळी ज्युनिअर कॉलेजच्या कार्यालयात क्लार्क म्हणाले, 'हरवला' असं लिहून आणा, आमच्याकडे तोच नमुना आहे. आम्ही प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी दोन्ही प्रती वाचल्या आणि खऱ्या कारणासहित डुप्लिकेट द्यायला सांगितलं, पण आठवडा लागेल म्हणाले.

दुपारी अडीचला नर्सिंग स्कूल. मूळ गुणपत्रिका होती, डिजिलॉकरवरची प्रतही होती. दाखल्याच्या जागी कॉलेजचं पत्र आणि पंधरा दिवसांत दाखला देण्याचं हमीपत्र. तिथे माझी ओळख होती, पण मी आत गेले नाही, फाटकापाशी थांबले. सायलीने स्वतः बोलायला हवं होतं. साडेचारला ती बाहेर आली. तात्पुरता प्रवेश मिळाला होता.

पाचवा महिना

प्रवेश झाला की प्रकरण संपलं असं घरच्यांना वाटतं. मला पाचव्या महिन्याची भीती असते.

पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, नर्सिंगचा पाया, सामुदायिक आरोग्य, असं एकदम अंगावर येतं आणि सगळं इंग्रजीत. सायलीला विषय कळायचा, उत्तर लिहिता यायचं नाही. पहिल्या चाचणीत ती दोन विषयांत नापास झाली. हॉस्टेलमध्ये तिच्या खोलीतल्या मुलीने एक युक्ती काढली, ती मी आता सगळ्यांना सांगते. रोज वॉर्डातून आलं की एका पेशंटबद्दल पाच वाक्यं इंग्रजीत लिहायची, फक्त पाच. पेशंटला काय होतंय, मी काय पाहिलं, मी काय केलं, त्याने काय झालं, उद्या काय बघायचं. केअर प्लॅनचा, म्हणजे पेशंटच्या शुश्रूषेच्या आराखड्याचा, सांगाडा तोच असतो. वर्षअखेर ती सगळ्या विषयांत पास झाली.

पण इंग्रजीमुळे ती सोडायला निघाली नव्हती. एका संध्याकाळी ती हॉस्टेलची सुट्टी काढून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॅडम, मला नाही जमणार." पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात तिच्याकडे एक आजोबा होते. ती रोज त्यांचा टीपीआर, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास, घ्यायची. श्वास मोजायची आमची एक पद्धत आहे. पेशंटला सांगायचं नाही. सांगितलं की तो श्वास बदलतो. नाडी झाली तरी मनगट सोडायचं नाही, नजर हळूच छातीवर न्यायची. त्या दिवशी तिने मनगट धरलं, नाडी मोजली, नजर चादरीवर नेली. चादर दोनदा हलली. मग हलली नाही.

डॉक्टर आले, सगळं झालं, घरच्यांना कळवलं. मग वॉर्डच्या सिस्टरने तिला हाक मारली आणि म्हणाल्या, ये, हेही शिकायचं असतं. डोळे मिटायचे, हनुवटी बांधायची, अंग पुसायचं, नावाची पट्टी लावायची. मावशी पाण्याचं भांडं घेऊन उभ्या होत्या. कूस वळवताना सिस्टर सवयीने म्हणाल्या, "आजोबा, ह्या अंगावर घेते हं." सायली म्हणाली, "मॅडम, ते गेले होते आणि त्या त्यांना सांगत होत्या. मला ते ऐकवेना."

मी तिला राहा म्हटलं नाही आणि जाही म्हटलं नाही. विचारलं, तू तेव्हा काय करत होतीस? ती म्हणाली, चादर धरली होती. दुसऱ्या बाजूने. ओढली नाही.

ती जेवली आणि साडेआठच्या आत हॉस्टेलला परत गेली. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

पहिली नोकरी

तिसऱ्या वर्षी मिडवायफरी आणि इंटर्नशिप झाली, शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची परीक्षा झाली, कौन्सिलची नोंदणी झाली. तीन वर्षांत विद्यावेतन मिळत होतं, त्यातून तिने बांगड्या सोडवल्या.

नोकरीसाठी दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. एक घराजवळचं अठरा खाटांचं नर्सिंग होम, पायी दहा मिनिटं, ओळखीचे डॉक्टर. दुसरं पश्चिम उपनगरातलं मोठं खासगी रुग्णालय, आयसीयूत जागा, पण दोन वर्षांचा बाँड, म्हणजे तोवर नोकरी सोडायची नाही, आणि मूळ प्रमाणपत्रं जमा करायची अट. आईला घराजवळचं पाहिजे होतं, आणि बाँड ऐकून तर आम्ही सगळेच बिचकलो.

ह्या वळणावर खूप मुली घराजवळचं धरतात आणि मग दारं बंद होतात. एम्सची नर्सिंग ऑफिसरची परीक्षा, नॉरसेट, जीएनएम झालेल्यांना देता येते, पण नोंदणीनंतर किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. अठरा खाटांत दहा वर्षं काढली तरी तो मोजला जात नाही. नागपूरचं एम्सही त्याच परीक्षेतून भरती करतं. केंद्राच्या ह्या पदाचं मूळ वेतन ४४,९००पासून सुरू होतं. राज्य सरकारच्या अधिपरिचारिकेचं ३५,४००पासून. खासगीत नव्या मुलीला मिळतं त्याच्याशी ताडून बघा म्हणजे अनुभवाचा हा कागद किती मोलाचा आहे ते कळेल.

म्हणून मोठं रुग्णालय घ्यायचं ठरलं, पण अटींसकट नाही. नर्सेसकडून बाँड घेणं आणि त्यांची मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवणं ह्याविरुद्ध इंडियन नर्सिंग कौन्सिलने स्पष्ट भूमिका घेतलेली आहे. सायली एचआरकडे गेली ती साक्षांकित प्रती घेऊन. मूळ कागद टेबलावर ठेवले, त्यांना पडताळू दिले आणि परत पिशवीत घातले. "दाखवीन कितीही वेळा, ठेवणार नाही," एवढंच म्हणाली. त्यांनी दोन दिवसांनी कळवतो म्हणून पाठवून दिलं. ते दोन दिवस घरात कोणाला झोप नव्हती. मग फोन आला, ये म्हणून. आयसीयूला माणसं कमी होती. बाँडऐवजी तीन महिन्यांच्या नोटिशीवर सही झाली.

परिणाम

आयसीयूत तिने सव्वादोन वर्षं काढली. नियमाप्रमाणे तिथे एका गंभीर रुग्णामागे एक नर्स हवी. तिच्याकडे बहुतेक रात्री दोन असत, कधी तीन. पाठ धरली, वजन सहा किलोने उतरलं. व्हेंटिलेटर, रक्तवाहिन्यांत घातलेल्या नळ्यांची, म्हणजे आर्टेरियल लाइन, सेंट्रल लाइनची निगा, हे सगळं हातात बसलं.

राज्याच्या भरतीची परीक्षा दिली, थोडक्यात हुकली. तिच्याबरोबरच्या तिघींची वाट वेगळी गेली. एक जर्मन शिकतेय, भाषेच्या बी-टू पातळीपर्यंत पोचायचंय. एक यूकेसाठी ओईटी ह्या इंग्रजीच्या परीक्षेच्या तयारीत आहे. तिसरी लग्न करून सांगलीला गेली आणि तिथल्या रुग्णालयात लागली. सायलीने पोस्ट बेसिक बी.एस्सी.ला प्रवेश घेतला, पहिलं वर्ष चालू आहे. पुढे क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा कोर्स करायचा तिचा मानस आहे, त्याला पदवी आणि रुग्णालयातला अनुभव लागतो, आयसीयूतला असेल तर उत्तम. चार वर्षांऐवजी पाच वर्षं अभ्यासाला आणि मधली दोन नोकरीला, म्हणजे पदवी उशिरा येणार. अंगावर कर्ज मात्र एक रुपयाचं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्यापासून सुरू करते. पहिल्या भेटीत मी टक्के विचारले, अधिवास आणि जातीचं प्रमाणपत्र विचारलं. मूळ कागद कुठे आहेत हे विचारलं नाही. आता तो माझा पहिला प्रश्न असतो.

आईला मी अडथळा समजले. तिचा प्रश्न बायोडेटाचा वाटला, म्हणून मी हसून सोडून दिला. खरं तर ती विचारत होती की डिप्लोमाच्या पुढे रस्ता आहे का. जीएनएम, मग पोस्ट बेसिक, मग एम.एस्सी. किंवा स्पेशालिटीचा डिप्लोमा, एवढं एका कागदावर लिहून दिलं असतं तर ती दादरचा जिना चढलीच नसती असं मला वाटतं. माहिती माझ्याकडे होती आणि मी ती जपून ठेवली, हे बरोबर झालं नाही.

टोकनचे पैसे परत मिळाले नाहीत. ग्राहक आयोगाकडे तक्रार करता आली असती. पावती होती, सही केलेली प्रत होती. घरच्यांना खाडे परवडत नव्हते आणि मीही रेटा लावला नाही. पण त्या कपाटात आणखी फायली होत्या, प्रत्येकीवर एकेका मुलीचं नाव होतं. ते मला अजून टोचतं. त्या दोन पालकांचे फोन नंबर तरी घ्यायला हवे होते.

सायलीचं स्वतःचं मत वेगळं आहे. ती म्हणते, नीटच्या दुसऱ्या वर्षाऐवजी त्याच वर्षी नर्सिंगला गेले असते तर वर्ष वाचलं असतं. मला ते पटत नाही, कारण आजी त्या दुसऱ्या वर्षातच आजारी पडली. पण ते तिचं वर्ष आहे, तिने हिशोब मांडावा.

आज कोणी ह्याच जागी उभं असेल तर दोन गोष्टी बदलल्यात. बी.एस्सी. नर्सिंगला राज्याची प्रवेश परीक्षा, सीईटी, आहे, तेव्हा फॉर्मच्या तारखा डिसेंबरपासून बघायला लागा. आणि २०२४पासून राज्य सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास (एसईबीसी) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ केलंय, पण ते सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतून मिळालेल्या जागेवर. व्यवस्थापन कोट्यातून घाईने जागा घेतली तर ही सवलत हातची जाते. 'सीट ब्लॉक' करून देणारा हे सांगणार नाही.

दाखल्याचं पुढे काय झालं

सायली दुसऱ्या वर्षाला असताना चाळीच्या पत्त्यावर एक कुरिअर आलं. आत चिठ्ठी नव्हती. तिचा मूळ दाखला होता, चार घड्या घातलेला, कोपऱ्यात पिना काढल्याची भोकं, मागे कोणीतरी पेन्सिलीने एक नंबर लिहिलेला. आईने तो देवापुढे ठेवला आणि मला बोलावलं. एका मुलीचे दोन दाखले घरात नकोत, डुप्लिकेट आधीच वापरात होता. म्हणून दुसऱ्या दिवशी केंद्रातून सुटल्यावर आई स्वतः ज्युनिअर कॉलेजात गेली, मूळ दाखला जमा केला आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेऊन आली.